हँड ग्राइंडर, व्ही६० आणि सहाशे रुपयांची पुडी: तीन वर्षं वापरून झाल्यावर

माझ्या घरी दळलेली पहिली स्पेशालिटी (म्हणजे चाखून, मार्क देऊन निवडलेली) कॉफी लसणीच्या चटणीसारखी लागली होती, कारण ती मी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवली होती. भांडं दोनदा घासलं, लिंबू चोळलं, तरी वास गेला नाही तो नाहीच. ४८० रुपयांची पाव किलोची पुडी, त्यावर "जर्दाळू, मध, जाई" असं काय काय छापलेलं, आणि नवऱ्याने एक घोट घेऊन विचारलं, ह्याच्याबरोबर भाकरी आहे का.

तेव्हापासून आजपर्यंत म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी हीच कॉफी पितेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की ते हाताने फिरवायचं यंत्र खरंच लागतं का आणि कॉफीवर इतके पैसे घालून नक्की मिळतं काय. मी काही बरिस्ता (कॅफेत कॉफी करणारी) वगैरे नाही, बँकेत बॅक ऑफिसला आहे, पण त्यामुळेच एक सवय आहे, खर्च वहीत लिहायचा. कॉफीची वही वेगळी आहे. ती नवऱ्याला दाखवत नाही, इथे दाखवते.

सुरुवात बाणेरच्या एका कॅफेत झाली. ऑफिसच्या मुलींबरोबर गेले होते, एरवी मी पक्की चहावाली. मेन्यूत "पोर ओव्हर" (वरून गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी) २६० रुपये बघून म्हटलं एकदा बघूया तरी, आणि आली काय तर काचेच्या भांड्यात कोरी, लालसर, चहासारखी पातळ कॉफी, दूध नाही साखर नाही. मनात म्हटलं फसलो. मग थोडी गार झाल्यावर घोट घेतला तर तोंडात चक्क संत्र्याच्या सालीचा वास, आणि मागे गुळासारखं काहीतरी गोड. कडू नव्हतीच! मला चाळीस वर्षं वाटायचं की कॉफी म्हणजे मुळात कडू आणि म्हणून त्यात साखर घालतात. त्या दिवशी कळलं की आपण जी कडू म्हणतो ती बऱ्याचदा जास्त भाजलेली किंवा जुनी झालेली असते.

मग जे सगळे करतात तेच केलं, चुकीच्या क्रमाने पैसे घालवले. आधी घेतलं छोटं एस्प्रेसो मशीन, ८५०० रुपये, सेलमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाही, चूक निम्मी माझीच. सहाव्या महिन्यात रबराची रिंग गेली, सर्व्हिसवाला दोनदा येतो म्हणून आला नाही, तिसऱ्यांदा आला आणि पार्ट नाही म्हणाला. शेवटी सोसायटीतल्या एका मुलाला ३००० ला दिलं. पण मशीन चांगलं असतं तरी काही फरक पडला नसता कारण मी त्यात तीच मिक्सरमधली कॉफी घालत होते.

म्हणून पहिलं आणि महत्त्वाचं, ग्राइंडर. माझा टाइममोरचा सी-टू आहे, चिनी कंपनी, मी घेतला तेव्हा ५८०० ला पडला. लोकांना हा आकडा ऐकून फीट येते, की ५८०० चं काय तर दळायचं यंत्र, पण हे समजून घ्या. मिक्सरची पाती बिया दळत नाहीत, आपटून फोडतात. त्यामुळे अर्धी कॉफी पिठासारखी होते आणि अर्धी जाड भरड राहते. आता जाड रवा आणि बारीक रवा एकत्र कढईत भाजायला घ्या, बारीक करपेल तेव्हा जाड कच्चाच असेल, तसंच. गरम पाणी ओतलं की पीठ झालेल्यातून कडवटपणा उतरतो, भरड राहिलेल्यातून नुसता आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. मग माणूस म्हणतो बीन्सच खराब होत्या. ग्राइंडरमध्ये पाती नसतात, बर असतात, म्हणजे आपलं जातंच की हो, एक तळी स्थिर आणि एक फिरणारी, मधली फट जेवढी तेवढंच दळण पडणार. फट कमीजास्त करायला खाली चाक आहे, ते क्लिक-क्लिक करत फिरतं. मी २२ क्लिकवर ठेवते. लसूण प्रकरणानंतर त्याच कंपनीची तीच पुडी ह्यात दळली आणि त्या जर्दाळूचा मागमूस पहिल्यांदा लागला, जाई मात्र अजून सापडलेली नाही.

खोट काढायची तर आहे. एका वेळी जेमतेम २५ ग्रॅम मावतात, त्यामुळे पाहुणे आले की दळण कांडप चालू, चौघांसाठी तीन वेळा भरावं लागतं आणि कमी भाजलेल्या बिया असतील तर दंड भरून येतात. थंडीत पावडर सगळी डब्याला चिकटते, त्याला उपाय म्हणजे चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांत फिरवायची, एक थेंब पुरतो. आणि मुख्य म्हणजे धुवायचा नाही, ब्रशने झाडायचा. आमच्या मावशींनी एकदा भांड्यांबरोबर घासून ठेवला होता, मी दोन दिवस हेअर ड्रायर घेऊन बसले. तरीही साडेचार स्टार. तुमच्याकडे दहा हजार असतील तर त्यातले सहा हजार ग्राइंडरवर घाला, बाकी सगळं उरलेल्यात बसतं.

व्ही६० बद्दल फार लिहीत नाही, हारियो ह्या जपानी कंपनीचा शंकू आहे, ६० अंशाचा म्हणून नाव तसं, आत गोल फिरलेल्या रेघा, खाली एकच मोठं भोक. प्लास्टिकचा घ्या. चिनी मातीचा दिसतो सुंदर पण गरम पाण्यातली निम्मी ऊब तोच पिऊन टाकतो आणि एकदा ओट्यावरून पडला की संपला. प्लास्टिकचा ७५० ला मिळाला, माझ्याकडून चारदा पडलाय. कागद मात्र १०० चं पाकीट ५५० ला, म्हणजे कपामागे साडेपाच रुपये, हा खर्च कोणी धरत नाही आणि नंतर रडतं. धरा.

कृती सांगते. १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी. पुण्यात आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत त्यामुळे पाणी उकळतं तेच ९८ च्या आसपास, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की काम झालं, थर्मामीटरचे पैसे वाचले. आधी कागद गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, नाहीतर कॉफीला वहीची चव येते. मग पहिलं ४५ मिली ओतून ४० सेकंद थांबायचं. ह्यात कॉफी फुगते, अक्षरशः तव्यावरची भाकरी फुगावी तशी टम्म, कारण ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो तो निघतो. फुगली नाही तर समजायचं पुडी जुनी आहे, ही आपली फुकटातली टेस्ट. मग उरलेलं पाणी दोन-तीन वेळा गोल गोल. अडीच-तीन मिनिटांत सगळं खाली उतरतं. पटकन उतरलं तर चव आंबट-फिकी, एक-दोन क्लिक बारीक करा. चार मिनिटं लागली तर कडू, जाड करा. बाकी इंटरनेटवर ह्याच्यावर लोक जे भांडतात ते वाचायला मजा येते, करायला नको.

आता पाणी, कारण ह्याने मी दोन महिने हैराण होते. आमच्याकडे वाकडला सोसायटीत टँकर. सासूबाई कोथरूडला राहतात, त्यांच्याकडे कॉर्पोरेशनचं धरणाचं पाणी, एका रविवारी सगळा सरंजाम पिशवीत भरून तिकडे नेला आणि त्याच पुडीची कॉफी तिकडे इतकी वेगळी झाली की मी सासूबाईंना सांगितलं तुमच्या नळाला हात लावून नमस्कार करते. दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागवला. टँकर ४५०, आमचा आरओ ३०. टँकरच्या पाण्यातली कॉफी मातकट, खडू खाल्ल्यासारखी. आरओची त्याहून विचित्र, नुसती आंबट आणि पोकळ, कारण पाण्यातले क्षारच चव ओढून काढतात आणि आरओने ते सगळे धुऊन नेलेले असतात. कॉफीवाले १५० च्या आसपास म्हणतात. मग मी तीन भाग आरओ आणि एक भाग टँकरचं मिसळून उकळायला लागले, १३५ येतात. हजारो रुपयांच्या वस्तूंनी जे झालं नाही ते एका वाटीने झालं.

बीन्स. स्पेशालिटी म्हणजे काय तर जाणकार लोक कप चाखून १०० पैकी मार्क देतात आणि ८० च्या वर गेली तर ती स्पेशालिटी, बारावीचं मेरिट. पुडीवर मळ्याचं नाव, किती उंचीवर पिकली, फळातून बी कशी काढली आणि भाजल्याची तारीख एवढं तरी असावंच. तारीख बघाच. एका सबस्क्रिप्शनने मला सलग दोनदा दोन महिन्यांपूर्वी भाजलेली पुडी पाठवली, मेल केला तर उत्तर आलं की एक्स्पायरी वर्षभराची आहे मॅडम. एक्स्पायरी बिस्किटाची बघतात हो, कॉफीची जन्मतारीख बघतात. बंद केलं. आणि उलटही आहे, काल भाजलेली आज पिऊ नका, आठवडाभर तरी पुडी तशीच ठेवा, वायू थोडा जाऊ द्या.

पहिल्या वर्षी एका पुडीवर "रत्नागिरी इस्टेट" वाचून माझा ऊर भरून आला की अरे वा, हापूसच्या गावात कॉफी! ती रत्नागिरी कर्नाटकातली निघाली, बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली. पण कॉफी अप्रतिम, त्यामुळे माफ. ब्लू टोकाई कंपनीची अट्टीकन (ही बिळिगिरीरंगाच्या डोंगरातली) नवशिक्यांना मी नेहमी सुचवते, कमी आंबट, चॉकलेटकडे झुकणारी, दूध घातलं तरी टिकते. नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हन कंपनीची मागवते तेव्हा तर विदर्भातल्या माहेरचा अभिमान वगैरे. आंध्रातल्या अरकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी एकदा घ्याच, पॅरिसला २०१७ मध्ये दुकान काढलं त्यांनी, आणि आपल्या डोक्यात अजून कॉफी म्हणजे बरणी आणि चमचा.

मॉन्सून मलबार नावाची कॉफी मला झेपली नाही. पूर्वी जहाजातून युरोपला जाताना महिनोन्महिने खारट दमट हवेत बिया फुगून पिवळट व्हायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली, मग जहाजं जलद झाल्यावर तोच परिणाम मंगळूरच्या किनाऱ्यावर गोदामात पावसाळी वारा खाऊ घालून मुद्दाम आणायला लागले. गोष्ट झकास, पण कप ओल्या गोणपाटासारखा. नवऱ्याला दुधातून आवडली, चव ज्याची त्याची.

पुडीवरच्या चवींचं काय करायचं हेही सांगते. ब्लूबेरी लिहिलेलं असतं, आपण ब्लूबेरी खाल्लीय कुठे? मी माझ्या भाषेत लावून घेतलंय. फळासकट वाळवलेली, ती नॅचरल म्हणतात, तिला माझ्या वहीत "जांभूळ" किंवा "पिकलेलं करवंद", जरा जास्तच आंबलेली असेल तर "काजूचं बोंड". गर धुऊन काढलेली ती वॉश्ड, तिला "मोसंबी" नाहीतर "कोरा चहा". आणि त्या बाणेरच्या पहिल्या कपापुढे नंतर मी लिहून ठेवलंय "नागपूरची संत्रा बर्फी", ह्याच्यापुढे कुठलीही ऑरेंज मार्मालेड पाणी भरते.

इतकी महाग का, ह्याचं उत्तर मला चिकमगळूरला जाऊन मिळालं. जानेवारीत गेलो होतो, खरं तर सासूबाईंना बाबाबुडनगिरीचं दत्तपीठ करायचं होतं, मी कॉफीसाठी हो म्हटलं. तिथेच ती गोष्ट ऐकायला मिळते की सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि ह्या डोंगरात लावल्या. सातच का तर सात शुभ म्हणून. आज देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते. मळा म्हणजे मला चहासारखं कापलेलं हिरवं गालिचं वाटलं होतं, प्रत्यक्षात जंगलच, वर सिल्व्हर ओक, त्याच्यावर मिरीचे वेल चढलेले, आणि सावलीत कॉफीची झुडपं. फळ तोडून खाल्लं, वरचं साल लाल, आत गर असा फार नाहीच पण गोड. एका फांदीवर लाल, पिवळी, हिरवी सगळी एकत्र. साध्या कॉफीला सगळी ओरबाडली तरी चालतात, स्पेशालिटीला फक्त लाल, त्यामुळे त्याच झाडाकडे त्याच बाईला तीन-चार वेळा यावं लागतं. अशी पाच-सहा किलो फळं तोडली की एक किलो कच्ची बी, ती भाजताना आणखी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उडतं. बायका कमरेला पोतं बांधून उतारावर उभ्या होत्या. मी वहीत त्या दिवशी हिशोब लिहिलाच नाही.

त्यात २०२४ ला ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी २०२५ ला अरेबिका जातीच्या कॉफीचा जागतिक भाव पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला, इतका कधीच गेला नव्हता. आपण म्हणतो ब्राझीलचं आपल्याला काय, पण माझी ४८० ची पुडी ६०० ला झाली ती ह्यातूनच.

तर वही. कामाचं सामान: ग्राइंडर ५८००, व्ही६० ७५०, पॉइंट एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ९००, लांब चोचीची साधी गॅसवरची किटली १५००. एकूण ८९५०. मूर्खपणाचे ५५०० वेगळे (मशीन). रोजचं: एका पुडीत सोळा कप, मी आठवड्याला आठ कप पिते, म्हणजे वर्षाला २६ पुड्या, १५,६०० रुपये, कागदाचे २३००. कपाला ४३ रुपये. महिन्याला दीड हजार.

इथे कॉफीवाले लोक लगेच म्हणतात की बघा, कॅफेत २६० प्रमाणे एवढे कप प्यायलात तर वर्षाला लाखाच्या वर, म्हणजे तुम्ही नव्वद हजार वाचवले! मीही हे नवऱ्याला एकदा ऐकवलं. तो म्हणाला तू कॅफेत आठवड्याला आठ वेळा कधी जात होतीस? बरोबर आहे त्याचं. मी आधी घरचा दहा रुपयांचा चहा पीत होते, त्यामुळे मी काहीही वाचवलेलं नाही, वर्षाला तेरा-चौदा हजार जास्त घालवतेय. हे कबूल करून टाकलं की मग मजेत पिता येते. ज्यांना वाचवायचंय त्यांनी फिल्टर कॉफी प्या, मनापासून सांगते, पितळी नाहीतर स्टीलचा फिल्टर चारपाचशेला मिळतो, ग्राइंडर लागत नाही, चिकोरी घातलेली पावडर स्वस्त आणि वैशाली हॉटेलात बसून स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी पिताना मला आजही व्ही६० ची आठवण येत नाही.

कॅफेत आता महिन्यातून एकदा, तेही नवीन बीन्स चाखायला. घरी चांगली करता यायला लागली की बाहेरची वाईट लगेच कळते हा एक तोटाच आहे. मागे एका पॉश ठिकाणी ३४० रुपयांची पोर ओव्हर पाणचट आली, मी नम्रपणे सांगितलं तर तो मुलगा म्हणाला मॅम इट इज टी-लाइक. मी चहावाली आहे रे बाबा मूळची, मला सांगतोस.

आई दिवाळीनंतर आली होती, अमरावतीहून. तिला पहिल्या दिवशी कौतुकाने करून दिली. तिने कपात डोकावून बघितलं. "ह्याच्यात दूध कावून नाही टाकलं?" मग किंमत विचारली, मी म्हटलं ४३. "एका कपाले?" आणि कप हळूच माझ्याकडे सरकवला. मला वाटलं झालं. पण दुसऱ्या दिवशी तीच सांगायला लागली की चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत तुला आठवतं का, लहानपणी नेलं होतं. आठवत होतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मुख्यतः तिथेच, मेळघाटात, इंग्रजांनी लावलेली, आणि आम्ही उन्हाळ्यात गाविलगड बघायला गेलो की आई तिथली पावडर आणायची आणि जायफळ घालून दुधात उकळायची. आजोबा तर म्हणे पोल्सनची आणायचे, ज्या पोल्सनचं लोणी सगळ्यांना आठवतं त्याचा धंदा मुळात कॉफीचाच.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आई टीव्हीसमोर बसून सिरीयल बघत बघत माझा ग्राइंडर फिरवत होती, अगदी जात्यावर बसल्यासारखी लयीत. पातेल्यात दूध चढवलेलं, वेलची, किसणीवर जायफळ, आणि त्यात माझी ती ८९ मार्कांची, जांभळाच्या चवीची पुडी दोन चमचे. दोन साखरेचे. कुठल्याही बरिस्ताला घेरी यावी असा प्रकार. मी काही बोलणार तेवढ्यात नवरा आला, त्याने पेला घेतला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, अजून आहे का?

होती. मीही घेतली. आता रविवारचा दुसरा कप तोच असतो, फक्त त्यासाठी अट्टीकन आणते आणि २२ ऐवजी १५ क्लिकवर दळते, दुधात उकळायला बारीक बरी पडते. जायफळ अगदी चिमूटभर, जास्त झालं तर झोप येते.